दुर्बलतेची मुदत ओळखा
(सुवर्ण महोत्सवी आरोग्य मेळाव्यात दिलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले आहे. तरीही मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांची लक्षणे या विषयावर बोलण्याचे मी स्वीकारले, त्याला एक कारण आहे. उपचार डॉक्टर करतात. परंतु पहिली खूण ओळखण्याचे काम घरच्या माणसाचे, शेजाऱ्याचे, दुकानातील सहकाऱ्याचे असते. दाढ दुखली तर माणूस स्वतः दवाखान्यात जातो. मेंदूचे आजार बहुधा दुखत नाहीत. कित्येकदा रुग्णाला स्वतःला काही झाले आहे याची जाणीवही नसते. म्हणून ही विद्या सामान्य माणसाजवळ असणे आवश्यक आहे.

आपल्या जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी असे दोन प्रकार असत. दर्शनी हुंडी समोर येताच चुकती करावी लागे. मुदती हुंडीला ठरलेला अवधी मिळे. हातापायांत दुर्बलता आली की असाच एक प्रश्न विचारावा. ही दुर्बलता क्षणात आली, दिवसांत चढली, की वर्षांत वाढली?

प्रथम क्षणात येणारी. हा पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. चार गोष्टी पाहाव्यात. हसायला सांगितले असता तोंड एका बाजूला वाकडे होते काय? दोन्ही हात समोर धरले असता एक खाली येतो काय? साधे वाक्य बोलताना जीभ जड होते काय? एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासे झाले काय? यांपैकी एकही खूण दिसली तर घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवावी, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांपर्यंतच देता येते. मोठी वाहिनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांत त्यानंतरही नळीद्वारे गुठळी काढता येते. परंतु उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ही दर्शनी हुंडी होय.

अशा रुग्णाच्या तोंडात पाणी, साखर वा गोळी घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. रक्त पातळ करणारी गोळीही मनाने देऊ नये. वाहिनी बंद झाली की फुटली, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरी निश्चिंत होऊ नये. तो पुढील झटक्याचा इशारा असू शकतो.

दुसरी, दिवसांत चढणारी. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड गाव, धायरी, किरकटवाडी या भागांत गुलेन बारे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि दहाहून अधिक जण दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस आढळला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात.

या आजाराचे वर्णन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये केले. एरवी तो वर्षाला लाखात एखाद-दोघांनाच होतो. जुलाब वा सर्दी-तापानंतर एक ते तीन आठवड्यांनी शरीराची संरक्षक शक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांना मुंग्या येतात, दोन्ही पायांतील बळ जाते, जिना चढणे अवघड होते; मग ही दुर्बलता हात, चेहरा आणि अखेरीस श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढू शकते. ४८ मिनिटांच्या सामायिकानंतर पायाला मुंग्या येतात, त्या उठून चार पावले टाकताच जातात. काल घोट्यापर्यंत, आज गुडघ्यापर्यंत, उद्या मांडीपर्यंत असा प्रवास होत असेल, तर ते बसण्याचे कारण नव्हे. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत केल्यास अधिक लाभ होतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र काहींना महिने लागतात. जीबीएस हा रुग्णाला स्पर्श केल्याने होणारा आजार नाही. म्हणून अशा कुटुंबाला दूर ठेवू नये. उकाळलेले पाणी पिण्याची आपली परंपरा जीवदयेसाठी आहे. अशा जिवाणूंपासून आपले रक्षणही त्याच पाण्याने होते.

तिसरी, वर्षांत वाढणारी. येथे व्यापाऱ्याची नजर उपयोगी पडते. चेकवरील सही बँकेच्या नमुन्याशी जुळेनाशी होते, अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. ही पार्किन्सनची लक्षणे असू शकतात. स्वस्थ बसले असता एका हाताला कंप सुटणे ही प्रसिद्ध खूण आहे. परंतु प्रत्येकाला कंप असतोच असे नाही. वास न येणे व बद्धकोष्ठता ही लक्षणे काही जणांत कित्येक वर्षे आधी दिसतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ ही संस्था अशा रुग्णांना व कुटुंबीयांना आधार देते. त्याचप्रमाणे किल्ली कोठे ठेवली हे विसरणे सर्वांचेच होते. पण रोजच्या वाटेवर घर न सापडणे किंवा आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाला साधी बेरीज न जमणे, हे केवळ वय नव्हे.

या सर्वांत एक कारण आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मरण मंदावते. शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता पुष्कळ आढळते आणि साध्या रक्ततपासणीने कळते. वेळेवर उपचार झाल्यास बरीच सुधारणा होते. उशीर झाल्यास नसांची हानी कायम राहू शकते. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनाने तयार होते; केवळ कॅप्सूलचे आवरण शाकाहारी आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

आता एक नाजूक विषय. पर्युषणात वृद्ध तपस्वींना अशक्तपणा आला की आपण म्हणतो, उपवासाचा आहे. उपवासाचा थकवा सर्वांगाला येतो. तो एकाच बाजूचा हात लुळा पाडत नाही, तोंड वाकडे करीत नाही. मधुमेही व्यक्तीची साखर फार उतरल्यास मात्र लकव्यासारखी लक्षणे दिसू शकतात. तेव्हाही डॉक्टरच हवेत. चौविहार आहे म्हणून रात्रीचा प्रसंग सकाळवर ढकलू नये. आपल्या पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. कोणत्या व्रतात कोणती सूट, हे आजार येण्यापूर्वीच गुरुभगवंतांना विचारून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी मनात द्वंद्व राहत नाही.

शेवटी आपल्या गावाचा विचार. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत रस्ता कसा तुंबतो, हे आपण दरवर्षी पाहतो. साडेचार तासांतील किती वेळ वाहतुकीत जाईल, हे कोणाच्या हाती नाही; कोठे जायचे याचा निर्णय मात्र आधी करून ठेवणे आपल्या हाती आहे. म्हणून सुवर्ण महोत्सवाच्या या वर्षी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. तळेगाव, पिंपरी-चिंचवड व पुणे येथील कोणत्या रुग्णालयांत रात्रंदिवस सीटी स्कॅन होतो आणि गुठळीचे इंजेक्शन मिळते, याची प्रत्यक्ष चौकशी करून एक फलक उपाश्रयाच्या दारी लावावा. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा आणि दर चातुर्मासाच्या आरंभी ही माहिती पुन्हा तपासावी. प्रत्येक कुटुंबाने त्याची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी.

पन्नास वर्षांत ट्रस्टने धर्मकार्य केले, शिक्षणाला हातभार लावला. त्याच मालिकेत हा एक फलक बसेल. खर्च अल्प आहे. परंतु एखाद्या घरातील कर्ता माणूस पुन्हा स्वतःच्या पायांनी दर्शनाला आला, तर त्याचे मोल कोणत्याही जमाखर्चात मांडता येणार नाही.