हप्ता शेवटी विचारा

पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, पळस्पे इथून आलेल्या खाद्यव्यावसायिक बंधू-भगिनींनो,

मी विमा सर्वेक्षक आहे. माझं काम नुकसान झाल्यानंतर सुरू होतं. आग विझलेली असते, पाणी ओसरलेलं असतं आणि मालक कपाटात पॉलिसी शोधत असतो. त्या दिवशी कागदावरचं एक अक्षरही बदलता येत नाही. म्हणून या सभेचा अध्यक्ष या नात्याने मी आज पॉलिसी घेण्याआधीचं बोलणार आहे. माझं सांगणं एकच आहे: आपला धंदा जसा आहे तसा विमा कंपनीला लेखी कळवा आणि हप्ता किती, हा प्रश्न शेवटी विचारा.

आपल्यापैकी बहुतेकांना लागू पडणारी मूळ पॉलिसी म्हणजे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. 1 एप्रिल 2021 पासून ती सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे सारख्याच शब्दांत मिळते. एका जागेवरची मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंतची असेल, तर हीच पॉलिसी. आग, स्फोट, वादळ, भूकंप, दंगल आणि पूर हे सगळं तिच्यात मुळातच आहे. पनवेलकरांना पुराचं महत्त्व सांगायला नको. 26 जुलै 2005 ला गाढी नदीने काय केलं, ते इथल्या जुन्या दुकानदारांनी पाहिलं आहे. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या.

पण पॉलिसी असणं वेगळं आणि ती पुरेशी असणं वेगळं. समजा, दुकानातली यंत्रं, फर्निचर आणि माल मिळून 40 लाखांचं आहे आणि विमा 20 लाखांचा आहे. आगीत 10 लाखांचं नुकसान झालं, तर हातात 10 लाख येत नाहीत, 5 लाख येतात. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. ही तूट बहुतेक वेळा कर्जातून येते. बँकेमार्फत निघालेली पॉलिसी अनेकदा कर्जाच्या रकमेपुरती असते, आणि आपण मात्र धंद्याचा विमा झाला असं समजून बसतो. फ्रायर, डीप फ्रीझर, एक्झॉस्ट आज नवे घ्यायचे तर काय पडतील, ती रक्कम धरा. जागा भाड्याची असली तरी आतलं काम आपल्या पैशाने केलेलं असतं. टाइल्स, वायरिंग, काउंटर हेही त्या रकमेत आले पाहिजेत.

दुसरी गोष्ट वर्णनाची, आणि तिच्यावर मी जरा थांबणार आहे. प्रपोजल फॉर्म एजंट भरतो, आपण सही करतो. त्यात ‘स्नॅक्सचं दुकान’ एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मागे तेलाच्या कढया असतात, व्यावसायिक सिलिंडरांची रांग असते, पोटमाळ्यावर पॅकिंगचे खोके असतात. धोका कमी दाखवला की हप्ता थोडा कमी होतो, आणि दाव्याच्या वेळी तोच फॉर्म आपल्यासमोर ठेवला जातो. तळण किती, गॅस किती, साठा कुठे, दुकान किती वाजेपर्यंत चालू, हे स्वतः सांगा आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा. आगीचा हा धोका खरा आहे. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये कुर्ल्याच्या एका हॉटेलात गॅसगळतीनंतर आग लागली आणि 8 जण गेले. 29 डिसेंबर 2017 च्या कमला मिलच्या आगीत 14 जण गेले. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. ते माणसांच्या जिवासाठी आहे. ते विम्याच्या फायलीतही ठेवा.

मूळ पॉलिसीत काय नाही, तेही ऐका. वीज गेली आणि फ्रीझरमधलं पनीर, चिकन खराब झालं, तर ते नुकसान तिच्यात येत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. साधी चोरीही नाही. घरफोडीची पॉलिसी वेगळी, आणि तिच्यातही कुलूप किंवा शटर जबरदस्तीने तोडल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हीच अट उचलून धरली. गल्ल्यातल्या रोकडीचा विमा आणखी वेगळा. दुकान दुरुस्तीसाठी बंद असताना भाडं आणि पगार चालूच राहतात. त्यासाठी धंदा बंद पडल्याचा विमा मिळतो, पण तो सामान्यतः आग किंवा पुराने प्रत्यक्ष मोडतोड झाली तरच लागू होतो. 2020 च्या टाळेबंदीत हा फरक अनेकांना कळला.

आता गिऱ्हाइकाबद्दल. मे 2024 मध्ये मानखुर्दला शोरमा खाल्ल्यानंतर 19 वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला आणि विक्रेत्यांना अटक झाली. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 65 प्रमाणे असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला, तर किमान 5 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. अटक आणि शिक्षा कुठलाच विमा टाळू शकत नाही. पण नकळत झालेल्या विषबाधेची नागरी भरपाई आणि वकिलाचा खर्च दायित्वाच्या विम्यात येऊ शकतो. तो घेताना ‘अन्न व पेयामुळे होणारी इजा’ त्यात स्पष्ट लिहून घ्या. काही पॉलिसींत फक्त घसरून पडणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार केलेला असतो.

कढईपाशी उभा असलेला पोरगा भाजला, तर भरपाईची जबाबदारी 1923 च्या कायद्यापासून मालकावर आहे. त्याला कर्मचारी राज्य विमा लागू नसेल, तर कामगार भरपाईची पॉलिसी घ्याच. पार्सल घेऊन जाणाऱ्या मुलाची मोटारसायकल त्याची स्वतःची असते. तिच्या खासगी पॉलिसीत मालवाहतूक सामान्यतः वगळलेली असते. या मुलांना आपण हायवेवर पाठवतो. त्यांच्यासाठी अपघात विमा काढणं मला हप्त्याच्या हिशोबातलं वाटत नाही.

हिशोबाचं एक सांगतो. व्यवसायाच्या विम्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि 5 टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलांना त्याची वजावट मिळत नाही. तो खर्च धरूनच दर ठरवा. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

विमा कंपन्यांना या व्यासपीठावरून माझी मागणी आहे: प्रपोजल फॉर्म मराठीत द्या आणि एकदा स्वयंपाकघर पाहिल्याशिवाय पॉलिसी देऊ नका. आणि तुम्हा सगळ्यांना विनंती आहे की, या आठवड्यात आपली पॉलिसी कपाटातून बाहेर काढा, तिच्यातलं धंद्याचं वर्णन आणि विम्याची रक्कम तपासा, चूक असेल तर नूतनीकरणाची वाट न पाहता दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि खरेदीच्या बिलांच्या प्रती दुकानाबाहेर, घरी ठेवा.