सुटी, सिनेमा आणि सांगावा

(मंडळाच्या दीपावली स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात व्यासपीठावर कोणाला उभे करावे, यावर कार्यकारिणीत पुष्कळ खल झाला, असे माझ्या कानी आले. मोठी माणसे दिवाळीत आपापल्या गावी गेली, आणि जो गावी गेला नाही तो, म्हणजे मी, आपल्यासमोर उभा आहे. विषय मला निवडू दिला, ही मंडळाची कृपा. विद्वत्तेचा विषय मला झेपणार नाही. आर्यभट उपग्रह ज्या शहरात तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला, त्या शहरात माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने यंत्रतंत्रावर व्याख्यान देणे म्हणजे काशीला जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. तेव्हा दिवाळीच्या सुटीत बातम्या, सिनेमा आणि ही नवीनवी यंत्रे आपल्या घरात कशी शिरली, याविषयी मनात येईल ते बोलावे, असे ठरविले आहे.

प्रथम सुटीविषयी. आमच्या केंद्र सरकारच्या सुट्यांच्या यादीत दिवाळी एक दिवसाची असते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत चाललेला सण सरकारी कागदावर आला की त्याचा असा संक्षेप होतो. भाऊबीज ऐच्छिक सुट्यांत मोडते, आणि ऐच्छिक सुट्या वर्षाकाठी दोनच. शाळेत असताना तीन आठवड्यांची सुटी उपभोगलेल्या माणसाला हा हिशेब पहिली काही वर्षे फार जाचतो. पुढे अंगवळणी पडतो.

माझे बालपण मिरजेत गेले. घरात एक जुना रेडिओ होता आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांचा आवाज आला की आईचे दूध उतू जात नसे, कारण त्या वेळी ती चुलीपाशीच खिळलेली असे. सुटीतही हा नेम चुकला नाही. आम्ही अंथरुणात लोळत पडलेलो, आणि धरणात किती पाणी आहे हे तो धीरगंभीर आवाज आम्हांला सांगत असे. आकाशवाणी हे नाव मूळचे म्हैसूरचे, हे मला इथे आल्यावर कळले. मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली तिथे स्वतःच्या घरात नभोवाणी केंद्र उभारले आणि त्याला हे नाव दिले; पुढे ते साऱ्या देशाने घेतले. मी आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू आधीपासून त्यांच्याच मुलखातलं ऐकत होतास म्हण की."

१९८४ सालची दिवाळीची सुटी मला विशेष आठवते. लक्ष्मीपूजन होऊन आठवडा झाला होता, फराळाचे डबे तळाला लागले होते. ३१ ऑक्टोबरच्या दुपारी शेजारचे वकील धावत आले. त्यांना बीबीसी लंडन ऐकण्याची सवय होती. पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या, त्या गेल्या, असे ते म्हणाले. आईने त्यांना घरात घेतले, पाणी दिले, आणि शांतपणे म्हणाली, "आकाशवाणी सांगेल तेव्हा खरं." सायंकाळी आकाशवाणीने सांगितले. मग आईने पदर डोळ्यांना लावला. त्या दुपारच्या चारपाच तासांत बातमी खरी असूनही आमच्या घरात ती खरी नव्हती. आज हातातल्या फोनवर दर मिनिटाला वीस बातम्या येतात, त्यांतल्या निम्म्या कोणी पाठविल्या हेही ठाऊक नसते, तेव्हा मला त्या दुपारची फार आठवण होते. अर्थात हेही कबूल केले पाहिजे, की त्या दिवशी वकीलसाहेबांचे लंडनच बरोबर होते, आणि आमचे सरकारी केंद्र मागे राहिले होते. सरकारी नोकर असूनही मी हे बोलतो आहे, याची नोंद घ्यावी!

तीन दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, त्यांच्याच घरी आम्ही दूरदर्शनवर अंत्ययात्रा पाहिली. गल्लीत तो एकच संच. खोलीत माणसे मावेनात, म्हणून खिडकीच्या गजांना मुले लोंबकळत होती. दूरचित्रवाणीची माझी पहिली मोठी आठवण ही अशी आहे. रविवारचे चित्रपट नंतरचे.

सिनेमाचे मात्र दिवाळीशी जुने लग्न. अंगाला उटण्याचा वास, नवा सदरा, आणि दुपारचा खेळ. आईला सिनेमाचे वेड नव्हते. परंतु आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' कुठे लागला, की ती जाई आणि डोळे सुजवून परत येई. १९५३ साली निघालेल्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि तो मान पुन्हा मराठी चित्रपटाकडे येण्यास सुमारे पन्नास वर्षे जावी लागली. तो 'श्वास'. २००४ साली आपल्या मंडळाने एका रविवारी सकाळी 'श्वास'चा खेळ ठेवला होता, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. त्या सुमारास आई आमच्याकडे आली होती. बेंगळुरात येऊन तिला पंधरा दिवस झाले होते, आणि तिने काहीही पाहण्यास नकार दिला होता. "गुडघे दुखतात," हे एकच उत्तर. शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी कायमची जाणार, आणि तत्पूर्वी त्याला जग दाखविण्यासाठी आजोबा त्याला इस्पितळातून घेऊन जातात, ती कथा आपणांस ठाऊक आहे. चित्रपटगृहातून बाहेर आल्यावर आई पायऱ्यांवर क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची ती लालबाग का काय, लांब आहे का रे?" त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत लालबागेत होतो. गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. आपण मराठी माणसे परमुलखात आहोत, असे आपल्या भाषणांत वारंवार येते. १६३८ साली विजापूरकरांनी हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे आले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यापेक्षा मला एक अलीकडची गोष्ट अधिक आवडते. कन्नड भाषेतील प्रदर्शित झालेला पहिला बोलपट 'सती सुलोचना'. तो १९३४ साली बेंगळुरात झळकला. पण त्याचे चित्रण झाले होते कोल्हापुरात. पुढे 'सैराट' २०१६ साली आला, आणि वर्षभरात कन्नडमध्ये गेला. बेंगळुरात वाढलेला, इथल्या बसमध्ये कंडक्टरी केलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला मुलगा तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला. देवघेव चालूच असते. माझ्या शेजारच्या गौडाकाकूंच्या ओब्बट्टूला आमच्या घरी पुरणपोळीच म्हणतात, आणि त्यांनाही त्याचे काही वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो, म्हणजे घरी निरोप पोचविण्याच्या साधनांकडे. मी १९९६ साली बदलीवर इथे आलो. दिवाळीची तार करण्याची पद्धत तेव्हाही थोडीफार शिल्लक होती. तारघरात शुभेच्छांची क्रमवारी यादी टांगलेली असे आणि त्यात पहिल्या क्रमांकावर दिवाळीच्या शुभेच्छा असत. आपण फक्त एक आकडा लिहावयाचा. पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य लिहून घेई. वडिलांना हे फार आवडे. "मुलाने एक पाठवलाय," असे ते सर्वांना सांगत. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

आईला मात्र पत्र लागे. तिच्या पत्रात गल्लीचा समग्र वृत्तांत असे: कोणाच्या घरी कोण आले, कोणत्या तंबोऱ्यांच्या कारागिराच्या मुलाने धंदा सोडला, भाजी काय भावाने मिळाली. शेवटी सदैव एक ओळ येई, ती माझ्या येण्याविषयीची. दरवर्षी त्याबरोबर एक दिवाळी अंकही येई, तिने स्वतः वाचून झालेला, पानांवर हळदीचे बोट उमटलेला. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिचे उपकार आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांवर अधिक आहेत, असे मला वाटते. माझी मुलगी इंग्रजी शाळेत शिकली. तिला मराठी अक्षरे लावता येऊ लागली ती बालभारतीच्या 'किशोर'मुळे. आता त्याचे १९७१पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य मिळतात, ही नव्या युगाची एक गोष्ट मी मनापासून गौरवितो.

मग एस.टी.डी.चे दिवस आले. रात्री अकरानंतर चतुर्थांश दर, म्हणून अकराला पाच कमी असताना आम्ही बूथबाहेर रांगेत उभे असू. २००० सालची दिवाळी अशीच गेली. त्या वर्षी ३० जुलैला वीरप्पनने डॉ. राजकुमार यांना पळवून नेले होते, आणि १०८ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला त्यांची सुटका झाली. दिवाळी नेमकी मध्ये पडली. ज्या शहरात सिनेमाच्या नटाला घरातल्या वडीलधाऱ्याचा मान आहे, तिथल्या त्या दिवाळीत आनंदाला एक अडखळ होती. आई फोनवर दर वेळी विचारी, "तुमचा तो नट सुटला का?" तिला त्याचा एकही चित्रपट ठाऊक नव्हता. पण तो सुटेपर्यंत आपला मुलगा सुरक्षित नाही, असे तिने मनाशी धरले होते. पुढे २०१६च्या सप्टेंबरात कावेरीच्या प्रश्नावरून इथे बसगाड्या जळाल्या, ते तिने पडद्यावर पाहिले आणि दिवसभरात नऊ वेळा फोन केला. मी हसलो. आमच्या रस्त्यावर त्या दिवशी दूधवाला नेहमीप्रमाणे आला होता.

ते हसू २०१९च्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे परत आले. कृष्णेला महापूर आला. सांगली पाण्यात, शिरोळ पाण्यात, पुणे-बेंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बंद. मिरजेला फोन लागेना. दोन दिवस मी वृत्तवाहिन्यांसमोर बसून होतो आणि प्रत्येक वाहिनी तीच नाव, तेच छप्पर पुनःपुन्हा दाखवीत होती. तिसऱ्या दिवशी फोन लागला. आई म्हणाली, "अरे, आपल्या गल्लीत कुठलं पाणी? बहिणीची माणसं आली आहेत सांगलीहून, चौदा जणांचा स्वयंपाक करते आहे." मार्ग खुला होताच मी गेलो, आठ दिवस राहिलो.

त्यात रजा संपली. दिवाळीला पुन्हा जाण्याऐवजी या वेळी पडद्यावरच भेटू, असे मी ठरविले. भावाने तिला नवा फोन घेऊन दिला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही सर्व नटूनथटून बसलो. आईने फोन घेतला तो सवयीने कानाला लावला, आणि आम्हांला दिसला तो तिचा कान आणि कानातली मोत्याची कुडी. मुलगी ओरडली, "आजी, फोन समोर धर!" तिने धरला, पाहिले, थोडी हसली. मी विचारले, "दिसतोय ना गं आम्ही?" ती म्हणाली, "दिसताय रे. पण आलात कुठे?" आणि पुन्हा फोन कानाला लावला.

२०२०च्या दिवाळीत जाणे शक्यच नव्हते. ते वर्ष कसे गेले, हे मी आपणांस सांगावयास नको. तीही दिवाळी कुडी पाहूनच साजरी झाली. २०२१च्या फेब्रुवारीत आई गेली.

यंत्राला मी दोष देत नाही. त्याच यंत्रामुळे तिचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. दहापंधरा निरोप आहेत, बहुतेक भाजीच्या भावाचे. रजेचा अर्ज यंत्राने अडविला नव्हता. तो मी लिहिलाच नव्हता, कारण लिहिण्याची निकड उरली नव्हती. एस.टी.डी.च्या रांगेत उभा असणारा मी बहुधा अर्ज लिहून मोकळा झालो असतो.

बोलणे लांबले. व्यवस्थापकांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि फराळाच्या पिशव्या उघडल्याचा आवाज मागून येतो आहे. एक निवेदन करून रजा घेतो. भाऊबीजेसाठी या वर्षी मी ऐच्छिक सुटी आधीच मंजूर करून घेतली आहे आणि परवा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बहिणीकडे निघतो आहे. पूर्वी आपल्यातले कोणी गावी निघाले की सर्वांना सांगावा जाई आणि घरोघरचे डबे त्याच्याकडे जमत. मिरज-सांगलीकडे कोणाच्या घरी डबा, अंक, औषध, काही पोचवावयाचे असेल, तर फराळानंतर मला भेटावे. माझ्या बॅगेत जागा आहे.