ठिणगी आणि रुई

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. शाळा आठवीत सुटली, पुढचं वाचन सूतगिरणीच्या रात्रपाळीत झालं. म्हणून दंगल का पेटते, हे मी गिरणीतल्याच गोष्टीवरून सांगतो. कापसात एखादा लोखंडाचा तुकडा येतो, यंत्रात आपटतो, ठिणगी उडते. अशा ठिणग्या मी कितीतरी पाहिल्या, त्या विझून जातात. पण खाली रुई साचलेली असली की खातं पेटतं. मग चौकशी होते ती ठिणगीची. झाडलोट किती दिवस झाली नव्हती, हे कोणी विचारत नाही.

नामांतराचं तसंच आहे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणीकडच्या खेड्यापाड्यांतून आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं रानोमाळ झाली. लोक म्हणतात, नावावरून दंगल झाली. मला ते पटत नाही. ज्याने विद्यापीठाची पायरी जन्मात पाहिली नाही, तो नुसत्या नावासाठी शेजाऱ्याचं छप्पर कशाला जाळेल?

रुई आधीच साचली होती. १९७२ च्या दुष्काळाने तो भाग मोडला होता. १९७४ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी विकासासाठी, नोकऱ्यांसाठी आंदोलन केलं. हाताला काम तरी आलं नाहीच. मग कारखाना का आला नाही, हे सरकारला विचारण्यापेक्षा तुझी नोकरी सवलतवाल्याने खाल्ली, असं पोरांच्या कानात सांगणं सोपं. दुसरीकडे आपल्या माणसाने मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गायरान कसायला घेतलं, सालदारकीला नाही म्हटलं, पोरगं मिलिंद कॉलेजात घातलं. ज्याच्या हातचा फुकटचा गडी सुटला, त्याला हे सगळं रोज डोळ्यांत खुपत होतं. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळलं. ते बौद्ध नव्हते, मातंग समाजाचे होते. नुसत्या नावाचं भांडण असतं तर त्यांच्या वाट्याला हे मरण का आलं असतं?

आणि शेवटी झालं काय? १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मराठवाड्याचं नाव राहिलं, त्याच्याआधी बाबासाहेबांचं नाव आलं. नांदेडला त्याच वर्षी वेगळं विद्यापीठ निघालं. बसून बोलल्याने निघणारी ही वाट. तिला सोळा वर्षं लागली, आणि इतके जीव गेले.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीची हकीगत सांगितली आहे. शाक्य आणि कोलीय, पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून मारामारी. शाक्य संघ युद्धाला निघाला. सिद्धार्थ म्हणाला, आपले दोघे निवडा, त्यांचे दोघे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि भांडण मिटवावं. ही सूचना मतांनी पडली. मला वाटतं, युद्ध त्या मतदानात सुरू झालं, नदीवर नव्हे. आपल्या बागलाणात हे लवकर कळायला पाहिजे. फडाच्या पाण्याला पाळी ठरलेली, पाटकरी ठरलेला. भांडणं तिथेही झाली, पण मिटवायची जागा होती. (त्या पाण्यात आपला वाटा किती होता, तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी बोलेन.)

आता घरची गोष्ट. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला अभिवादनाला गेलेल्यांवर दगडफेक झाली. त्याच्या काही दिवस आधीच वढू बुद्रुकला समाधीजवळच्या फलकावरून वाद झाला होता. रुई दिसत होती. ३ तारखेला महाराष्ट्र बंद होता. आपली पोरं रस्त्याकडे निघाली, तेव्हा एका म्हातारीने विचारलं, "कथा चालनात रे?" कोणी उत्तर दिलं नाही. माझा पुतण्या बाहेरगावी कामाला होता, तोही तिथे असाच निघाला. दगड त्याने मारला की नाही, देव जाणे म्हणायची आपली रीत नाही. तो म्हणतो, मारला नाही. पण गुन्ह्यात नाव आलं. भरतीची तयारी करत होता, ती बुडाली. पुढे कैक वर्षं तो तारखांना जात राहिला.

त्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाईलवर एक फोटो आला होता, रक्ताने माखलेल्या माणसाचा. तो फोटो जुना होता, दुसऱ्याच ठिकाणचा. पाठवणारा मी होतो. हे मी आजवर सभेत बोललो नव्हतो.

भीमजयंतीची मिरवणूक जवळ येते आहे. रस्त्याचा, वाजंत्रीचा वाद दरवर्षी निघतो. आपले दोघे, पलीकडच्या आळीतले दोघे आणि त्यांनी निवडलेला एक, असे पाच जण आधी बसवा, हे मी गेली दोन वर्षं कमिटीला सांगतो आहे. आज वहीवर लिहून घ्या. आपल्या दोघांत महिला मंडळातली एक बाई असावी. माझं नाव घालू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!