कापूस, आग आणि कारण



जिनिंगच्या धंद्यातल्या माणसाला तत्त्वज्ञान परिषदेचं स्वागताध्यक्षपद देणं, हे संयोजकांचं धाडसच. मंडप आणि जेवणावळ सांभाळणं एवढंच माझं काम, हे मी जाणतो. तरी थोडं बोलतो, कारण यंदाचा कार्यकारणाचा विषय थेट माझ्या आवारात शिरतो.

कापसातून एखादा खडा किंवा खिळा जिनपर्यंत पोचला की ठिणगी उडते आणि रुई पेट घेते. मग विम्याचा सर्व्हेअर येऊन 'आगीचं कारण' हा रकाना भरतो. इस्लामी विचारवंत अल्-गझाली (१०५८-११११) यांनी नेमका हाच रकाना तपासायला घेतला. 'तहाफुत अल्-फलासिफा'च्या सतराव्या प्रकरणात ते विचारतात, की आग कापसाला भिडली आणि कापूस जळला, एवढंच आपण पाहिलं. आगीनंच जाळला, हे कुणी पाहिलं? त्यांच्या मते जाळणारा ईश्वर. आगीपाठोपाठ जळणं हा त्यानं घालून दिलेला परिपाठ. साडेसहाशे वर्षांनी डेव्हिड ह्यूम बिलियर्डच्या चेंडूंकडे बघत जवळजवळ तिथंच पोचले. फक्त त्यांनी ईश्वराला बाजूला ठेवलं आणि कार्यकारणाचं नातं माणसाच्या मनाच्या सवयीत शोधलं. हा फरक मात्र जमीन-अस्मानाचा.

कॉर्डोव्याच्या इब्न रुश्द यांनी गझालींना ग्रंथभर उत्तर दिलं: कारणं नाकारलीत तर ज्ञानच नाकारलंत. धंद्यापुरता मी रुश्द यांच्या बाजूचा. खिळा सापडल्याशिवाय माझं भागत नाही.

पण गझालींनी इस्लामी विज्ञान बुडवलं, हे पालुपद आता पुरे झालं. त्याच ग्रंथाच्या आरंभी ते बजावतात, की ग्रहणाचं गणित धर्माच्या नावानं खोडायला निघालेला माणूस धर्माचंच नुकसान करतो. त्यांच्यामागे जवळपास दीडशे वर्षांनी, १२५९ साली, इराणात मराग्याची वेधशाळा उभी राहू लागली. तिचे प्रमुख नसीरुद्दीन तूसी यांनी मांडलेली वर्तुळांची जोडी कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथात पुन्हा भेटते. ती तिथवर कशी गेली, यावर इथंही खडाजंगी होईल. व्हावीच.

वक्त्यांना एक विनंती. 'पश्चिम म्हणते', 'इस्लाम म्हणतो' असं सरसकट बोलू नका; कोण, कोणत्या ग्रंथात म्हणतो, ते सांगा. आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. जेवण एक वाजता आहे. वाद रंगला तर पंगत थोडी उशिरा बसवू.