तोडणारा प्रकाश, सांधणारा प्रकाश



धरमतरच्या खाडीवर जाळी टाकणाऱ्या कोळी बांधवांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नायलॉनचे जाळे महिनोन् महिने उन्हात पडून राहिले, तर त्याचा धागा ठिसूळ होतो. नायलॉन हे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर आहे. लहान रेणूंच्या कड्या एकमेकींत अडकवून झालेली ती लांबलचक साखळी होय. उन्हातील अतिनील किरण ही साखळी तोडतात. मात्र हाच प्रकाश योग्य द्रव्यावर पडला, तर तो सुट्या कड्या सांधूनही देतो. प्रकाशसंवेदी बहुवारिकांचा उपयोग मुख्यतः या दोन क्रियांवर उभा आहे.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी दादासाहेब फाळके लोणावळ्यात छपाईचे ठसे बनवीत असत. त्या काळच्या रीतीप्रमाणे धातूच्या पत्र्यावर सरस आणि बायक्रोमेट यांचा लेप देऊन त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडला जाई. उजेड लागलेला लेप घट्ट होई, उरलेला पाण्याने धुऊन जाई आणि उघडा पडलेला धातू आम्लाने कोरला जाई. सरस हे निसर्गाने दिलेले बहुवारिकच.

आज दंतवैद्य निळा प्रकाश टाकून दातातील पांढरे सिमेंट घट्ट करतो. त्या सिमेंटमध्ये बहुधा कॅम्फरक्विनोन हे द्रव्य असते. देवापुढे जळणाऱ्या कापराचेच हे अपत्य! ते सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषते, म्हणूनच ते पिवळे दिसते. हा प्रकाश फार खोल जात नाही. त्यामुळे वैद्याला सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यावे लागतात.

संगणकाची चिप घडते तीही याच तत्त्वावर. सिलिकॉनच्या चकतीवरील लेपावर प्रकाशाने नकाशा उमटविला जातो. या लेपाने प्रकाश शोषला पाहिजे, पण वरच्यावर सगळाच गिळून टाकता कामा नये. तो तळापर्यंत पोहोचला पाहिजे. १९३ नॅनोमीटरच्या किरणांसाठी हा तोल साधण्यास नवी बहुवारिके घडवावी लागली.

अशा विद्येचे मोल किती, हे जुलै २०१९ मध्ये दिसले. जपानने दक्षिण कोरियाकडे जाणाऱ्या ज्या तीन पदार्थांच्या निर्यातीवर कडक परवाना-पद्धती लादली, त्यांत हा लेपही होता. चिप बनविण्यात जगात अग्रेसर असलेल्या कोरियाची त्यामुळे तारांबळ उडाली. कारखाने स्वतःचे होते. लेप मात्र परक्याचा होता.

याच आंबा नदीच्या वरच्या अंगाला नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आहे. तेथे प्लास्टिकचा कच्चा माल टनांनी निघतो. पेण-रोह्याच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नोकरीसाठी त्या फाटकाकडे पाहावे, त्यात काहीच गैर नाही. परंतु ग्रॅमांनी मोजावयाच्या, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चिकाटी मागणाऱ्या या बहुवारिकांकडेही त्यांच्यापैकी काहींनी वळावे. परक्याने हात आखडला की अडते ते अशाच ठिकाणी.