गायकाच्या हाती कागद हवा



भिवंडीत दिवसभर यंत्रमागावर उभे राहणारे आमचे गायक जयंतीच्या रात्री मंचावर गातात. बिदागी आम्ही हातावर ठेवतो, पावती नाही. (जेवण मात्र आग्रहाने वाढतो!) वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना 1950च्या दशकापासून आहे, 2024 पासून दरमहा 5,000 रुपये. पण अर्जाला 15 वर्षांच्या कलासेवेचे पुरावे लागतात. ते आणायचे कुठून? जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला, त्यांच्या वारसांकडे साधी निमंत्रणपत्रिकाही नसते. यात चूक आमचीच, आयोजकांची. यापुढे कार्यक्रम संपताच ढोलकीवाल्यापासून कोरसपर्यंत प्रत्येकाला सही-शिक्क्याचे पत्र आम्ही देऊ. जुन्या पत्रिका घरी असतील तर आणाव्यात. विद्यार्थी त्यांच्या झेरॉक्स काढतील.