सुट्टी कुणाची?

मुलांच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही चार दिवस माथेरानला गेलो होतो. स्वस्तातली खोली घेतली, म्हणून स्टोव्ह, कणीक, डाळ-तांदूळ सगळं घरून नेलं. माथेरानात मोटारींना बंदी; गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथे एका बाईने आमच्या बॅगा डोक्यावर घेतल्या. चालता चालता मी विचारलं, "तुम्ही मुलांना सुट्टीत कुठं नेता?" ती हसली. म्हणाली, "ताई, तुमची सुट्टी तोच आमचा सीझन."

मंडळी पॉईंट बघायला गेली की मी भांडी घासायची. तिसऱ्या दिवशी धाकटीने विचारलं, "आई, तुला सुट्टी नाही?" त्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवलाच नाही. सासूबाई रागावतील वाटलं होतं. त्या चपला घालून म्हणाल्या, "चल, मलाही सूर्यास्त बघायचाय." नवऱ्याने पोहे केले. खारट झाले, पण सगळ्यांनी खाल्ले.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत!

तेव्हा सुट्टीचे कपडे भरण्याआधी कामं वाटून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. बॅगा वाहणाऱ्या त्या बाईला पगारी रजा कोण देणार? आपल्या विश्रांतीची मागणी तिला वगळून पुरी होत नाही.